बदामच्या गुलामाचा खटला: कोर्ट भरलं होतं, मग चुकलं कुठे?

शाळेत नाटक बसवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: ‘ॲलिस इन वंडरलँड’च्या शेवटी टार्टच्या, म्हणजे गोड सारण भरलेल्या छोट्या पेस्ट्रीच्या, चोरीचा जो खटला चालतो, तो प्रवेश मी सातवीच्या मुलांकडून बसवून घेते आहे. मुलं पोट धरून हसतात, पण मग विचारतात की यात नेमकं चुकीचं काय आहे? खऱ्या कोर्टात काय झालं असतं? गुलामाने टार्ट चोरले होते का? आणि शेवटी तो सुटला का?

मी सव्वीस वर्षं सत्र न्यायालयात बचाव पक्षाच्या बाजूने उभी राहते आहे आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना उलटतपास शिकवते. पहिल्या तासाला मी त्यांना हाच खटला वाचायला देते, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. उत्तर लांबणार आहे.

‘तिथे कोर्टाचे नियमच नाहीत, म्हणून गंमत आहे’ असं मुलांना सांगितलं जातं. ते खरं नाही. तिथे जवळजवळ सगळं आहे. न्यायाधीश आहे, त्याच्या डोक्यावर विग आहे. पुकारा करणारा आहे, आरोप वाचला जातो, बारा जणांची ज्युरी बसली आहे, साक्षीदार एकेक करून बोलावले जातात, उलटतपासाचं नाव निघतं, लेखी पुरावा दाखल होतो, मुद्देमाल टेबलावर मांडलेला आहे. नाही ती एकच गोष्ट: ‘या पुराव्याचा त्या आरोपाशी संबंध काय?’ असं विचारणारा माणूस. ते काम शेवटी सात वर्षांची ॲलिस करते.

ही कथा ऑक्सफर्डमधल्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसन यांनी ४ जुलै १८६२ रोजी नावेतून फिरायला जाताना तीन लहान बहिणींना सांगितली. त्यातल्या ॲलिस लिडेलला १८६४ च्या नोव्हेंबरात त्यांनी हाताने लिहिलेली प्रत भेट दिली. त्या प्रतीत खटला अगदी थोडक्यात उरकतो. पुढे छापील पुस्तकात साक्ष देणारी टोपीवाला आणि स्वयंपाकीण ही पात्रंच तिथे नाहीत, त्यामुळे त्यांच्या साक्षीही नाहीत. तिथे राणी म्हणते, ‘आधी शिक्षा, मग पुरावा.’ १८६५ साली लुईस कॅरल या नावाने पुस्तक छापून आलं तेव्हा त्याच खटल्याची दोन अख्खी प्रकरणं झाली होती आणि वाक्य बदलून ‘आधी शिक्षा, मग निकाल’ असं झालं होतं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पहिल्या वाक्यात राणी पुरावा ऐकायलाच तयार नाही. दुसऱ्यात पुरावा ऐकून झाला आहे, आता ज्युरीने दोषी की निर्दोष एवढं सांगायचं बाकी आहे, आणि तेवढ्यासाठीही ती थांबायला तयार नाही. मधल्या काळात लेखकाने कोर्ट उभं केलं आणि मग ते आतून पोखरलं.

आता आरोपापासून सुरुवात करू. पुकारा करणारा पांढरा ससा गुंडाळी उघडून जे वाचतो ते इंग्लंडमधलं जुनं बडबडगीत आहे, १७८२ साली छापलेलं: बदामच्या राणीने उन्हाळ्यातल्या एका दिवशी टार्ट केले, बदामच्या गुलामाने ते चोरून नेले. गाण्याचा पुढचा भाग ससा वाचत नाही. त्यात राजा गुलामाला बडवतो आणि गुलाम टार्ट परत आणून देतो. म्हणजे तिकडच्या प्रत्येक मुलाला निकाल खटल्याआधीच पाठ आहे. तुमच्या मुलांना हे सांगाच, कारण आपल्याकडे ते गाणं कुणी ऐकलेलं नसतं आणि विनोदाचा अर्धा भाग तिथेच गळून जातो. आरोप वाचून होताच राजा ज्युरीला म्हणतो, ‘करा निकालाचा विचार!’ ससा घाईघाईने त्याला अडवतो: अजून नाही, त्याआधी बरंच व्हायचं आहे.

आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, १९७३ च्या, कलम २१२ होतं. आरोपात गुन्ह्याची वेळ, जागा, कुणाविरुद्ध आणि कोणत्या वस्तूबाबत, हे आरोपीला कळेल इतपत स्पष्ट हवं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, कलमांचे आकडे बदलले, पण ही अट कायम आहे. ‘उन्हाळ्यातला एक दिवस’ एवढ्यावर मी माझ्या अशिलाचा बचाव कसा करणार? त्या दिवशी तो दुसऱ्या गावी होता हे सांगायचं तर दिवस कोणता ते कळायला हवं. टार्ट किती होते तेही आरोपात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘गुन्हा कबूल आहे का?’ हे गुलामाला कुणी विचारतच नाही. साखळ्यांनी जखडलेला, दोन्ही बाजूंना शिपाई, असा तो बराच वेळ उभा असतो. त्याच्यासाठी एकही वकील तोंड उघडत नाही. इंग्लंडमध्ये तेव्हा गंभीर गुन्ह्यातल्या आरोपीला वकिलामार्फत पूर्ण बचाव मांडायचा हक्क मिळून एकोणतीस वर्षं झाली होती, १८३६ च्या कायद्याने. स्वतः शपथेवर साक्ष देण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र त्याला १८९८ मध्ये मिळाला. कॅरल त्याच वर्षी जानेवारीत वारले.

न्यायाधीश कोण, तर टार्ट जिचे चोरीला गेले तिचा नवरा. यावर फार बोलायला नको. ज्या प्रकरणात स्वतःचा हितसंबंध आहे ते न्यायाधीशाने चालवू नये, हे आपल्या संहितेतही होतं आणि आहे. कॅरलने याची चाहूल तिसऱ्याच प्रकरणात दिली आहे. उंदीर आपली शेपटीसारखी वळत जाणारी कहाणी सांगतो, त्यात कुत्रा उंदराला म्हणतो, चल कोर्टात, न्यायाधीशही मीच, ज्युरीही मीच, आणि फाशीची शिक्षाही मीच देणार. नाटकात जमलं तर सुरुवातीला हे चार ओळींत घ्या.

ज्युरीपाशी मात्र थोडं थांबायला हवं. बारा प्राणी आणि पक्षी पाट्या घेऊन बसले आहेत. खटला सुरू व्हायच्या आधीच ते काहीतरी लिहीत असतात. काय? आपापली नावं, खटला संपेपर्यंत विसरू नये म्हणून. ॲलिस ‘मूर्ख कुठले!’ म्हणते, तर तेही पाटीवर उतरतं. बिल नावाच्या सरड्याची पेन्सिल करकरते म्हणून ॲलिस ती हळूच काढून घेते, आणि तो बिचारा दिवसभर बोटाने लिहीत राहतो, पाटीवर काहीही न उमटता. टोपीवाला सांगतो, चहा १४ मार्चला सुरू केला. त्याच्यासोबत चहाला बसणारा मार्च ससा म्हणतो १५, तिसरा सोबती झोपाळू उंदीर म्हणतो १६. राजा म्हणतो, लिहून घ्या. ज्युरी तिन्ही तारखा लिहिते, त्यांची बेरीज करते आणि उत्तर शिलिंग-पेन्समध्ये काढते. मुलांना हे गणित करायला लावा: १४, १५ आणि १६ मिळून ४५. तेव्हा एका शिलिंगचे १२ पेन्स होते, म्हणजे ३ शिलिंग ९ पेन्स. गणित बरोबर आहे! म्हणूनच ते भयंकर आहे. आकडा अचूक आणि अर्थ शून्य, असे तक्ते मी खऱ्या खटल्यांतही पाहिले आहेत. शिवाय गीतात चोरी उन्हाळ्यातली आहे आणि साक्ष मार्चमधल्या चहापानाची. हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

साक्षींतली तफावत ही आमच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. तीन साक्षीदारांनी तीन तारखा सांगितल्या म्हणून तिघेही खोटे ठरत नाहीत. माणसाची आठवण कॅमेऱ्यासारखी नसते, बारीकसारीक विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नये, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या भारवाडा भोगिनभाई प्रकरणात फार समजुतीने मांडलं आहे. विचारायचं असतं ते हे, की तफावत मुद्द्याच्या गोष्टीत आहे की बाजूच्या. इथे तारीख चहाची आहे, चोरीची नाही. मग ती १४ असो की १६, गुलामाला काय?

मुलं विचारतील की आपल्याकडे ज्युरी असते का. फौजदारी खटल्यांत आता नसते. पण होती, आणि मुंबईत चांगलीच गाजली. नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. न्यायाधीशांना तो निकाल पुराव्याच्या विरुद्ध वाटला, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९७३ च्या संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही.

आता टोपीवाला. या खटल्यातला सगळ्यात खरा माणूस मला तोच वाटतो. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात पाव-लोणी, चहा अर्धवट टाकून आलेला. पहिलाच हुकूम होतो, टोपी काढ. तो म्हणतो, ती माझी नाही. राजा ज्युरीकडे वळून ओरडतो, ‘चोरीची!’ आणि ज्युरी लगेच टिपून घेते. माणूस टोप्या विकतो, म्हणून डोक्यावरची टोपी त्याच्या स्वतःच्या मालकीची नाही, विकायची आहे. साधं, सरळ उत्तर. पण अर्धं उत्तर उचललं की साक्षीदाराचाच आरोपी होतो. मग राजा म्हणतो, साक्ष दे आणि घाबरू नकोस, नाहीतर इथल्या इथे डोकं उडवीन. टोपीवाला इतका गोंधळतो की पाव सोडून कपाचाच तुकडा तोडतो. पुढे थरथरताना त्याच्या पायांतले बूट निघून पडतात.

हे वाचताना मला दरवेळी एक म्हातारा धनगर आठवतो. वकिलीची पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा. एका तालुक्याच्या ठिकाणी तो सरकार पक्षाचा साक्षीदार होता, आयुष्यात पहिल्यांदा पिंजऱ्यात उभा. आवाज फुटेना. त्याला दरडावलं गेलं: मोठ्याने बोल, खोटं बोललास तर आत जाशील. त्यानंतर तो माणूस प्रत्येक प्रश्नाला ‘व्हय साहेब’ म्हणू लागला. सरतपासात, म्हणजे त्याला बोलावणाऱ्या पक्षाच्या प्रश्नांना उत्तर देताना, म्हणाला, मी तिथे होतो. माझ्या उलटतपासात मी सुचवलं की तुम्ही त्या वेळी तिथे नव्हता, तर तेही ‘व्हय’. माझ्या अशिलाच्या फायद्याचं उत्तर मला मिळालं होतं आणि कायद्याने मी ते वापरायला बांधील होते, वापरलंही. पण त्या दिवशी त्या गोठ्याजवळ काय घडलं ते त्या कोर्टात कुणालाच कळलं नाही. भीतीने खरं बाहेर येत नाही, समोरच्याला हवं ते बाहेर येतं. आजही माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, साक्षीदाराला आधी पाणी विचारा, त्याच्या बोलीत प्रश्न विचारा, एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा.

टोपीवाल्याच्या साक्षीत अजून दोन रत्नं आहेत. तो म्हणतो, मार्च ससा म्हणाला की... ससा तिथल्या तिथे म्हणतो, मी नाकारतो. राजा म्हणतो, तो नाकारतोय, तेवढं वगळा. मग टोपीवाला म्हणतो, बरं, निदान उंदीर तरी म्हणाला की... आणि भोवती बघतो, पण उंदीर गाढ झोपलेला. काय म्हणाला? ते मला आठवत नाही. ऐकीव पुरावा का चालत नाही हे शिकवायला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही. ज्याने मूळ वाक्य उच्चारलं तो पिंजऱ्यात यायला हवा, म्हणजे त्याला विचारता येतं. जागा असेल तर तो नाकारू शकतो, झोपला असेल तर त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

मध्येच एक गिनीपिग टाळ्या वाजवतो आणि त्याला ‘दाबून टाकतात’, म्हणजे अक्षरशः कॅनव्हासच्या पिशवीत डोक्याकडून घालून वर बसतात. ॲलिसला बरं वाटतं, कारण वर्तमानपत्रांतल्या खटल्यांच्या बातम्यांत ‘टाळ्यांचा प्रयत्न दाबून टाकण्यात आला’ असं तिने खूपदा वाचलेलं असतं आणि त्याचा अर्थ तिला आज कळतो. कोर्टाची भाषा बाहेरच्या माणसाला किती परकी असते, ते एवढ्याशा प्रसंगात आलं आहे. ‘मुद्देमाल’, ‘सरतपास’, ‘निशाणी’ हे शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्या माझ्या अशिलांचे चेहरे ॲलिससारखेच होतात.

स्वयंपाकिणीची साक्ष छोटी आहे. हातात मिऱ्यांची डबी, ती दारातून आत येते तेव्हाच जवळचे लोक शिंकू लागतात. साक्ष दे म्हटल्यावर म्हणते, नाही देणार. ससा राजाच्या कानाशी लागतो, महाराज, हिचा उलटतपास घ्यायलाच हवा. सरतपासात एक अक्षर बोलली नाही, तिचा उलटतपास कशाचा घेणार? शिवाय उलटतपास समोरचा पक्ष घेतो, न्यायाधीश नव्हे. न्यायाधीशाला प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याकडेही आहे, पुरावा कायद्यात त्यासाठी कलम १६५ होतं, पण तो खरं शोधण्यासाठी, एका बाजूची फळी सांभाळण्यासाठी नाही. राजा हाताची घडी घालतो, कपाळाला आठ्या घालतो आणि विचारतो, ‘टार्ट कशाचे करतात?’

इथे मुलांना थांबवा आणि पुस्तक पुन्हा चाळायला सांगा. संपूर्ण खटल्यात कुठल्याही साक्षीदाराला टार्टबद्दल विचारलेला हा एकमेव प्रश्न आहे. उत्तर येतं, मुख्यतः मिऱ्यांचे. कुणीतरी झोपेत म्हणतं, काकवीचे. त्या उंदराला बाहेर काढायच्या गोंधळात स्वयंपाकीण निघून जाते आणि राजाला हायसं वाटतं. तो बायकोला हळूच सांगतो, पुढच्याचा उलटतपास तूच घे बाई, माझं तर कपाळ दुखायला लागलं.

तिसरी साक्षीदार ॲलिस. शपथ तिलाही देत नाहीत, कुणालाच दिलेली नाही. आपल्याकडे बारा वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथेशिवायही साक्ष घेता येते. लहान वय हा अडथळा नाही, प्रश्न कळतात का आणि समजून उत्तर देता येतं का, एवढं न्यायाधीश आधी पारखतात. ॲलिसचं उत्तर कोर्टातल्या सगळ्यांत स्वच्छ आहे. या प्रकरणाबद्दल तुला काय माहीत आहे? काहीच नाही. काहीसुद्धा नाही? काहीसुद्धा नाही. राजा म्हणतो, हे फार महत्त्वाचं आहे. ससा सुचवतो, बिनमहत्त्वाचं म्हणायचंय महाराजांना. राजा पुटपुटत दोन्ही शब्द घोळवून बघतो, कुठला कानाला बरा लागतो ते. ज्युरीतले काही एक लिहितात, काही दुसरं.

ॲलिस कोर्टात बसल्या बसल्या उंच होत चालली आहे. मग येतो नियम क्रमांक ४२: एक मैलाहून उंच असलेल्या सर्वांनी कोर्टाबाहेर जावं. ॲलिस तीन गोष्टी एकापाठोपाठ एक सांगते. मी मैलभर उंच नाही. हा नियम तुम्ही आत्ता बनवलात. आणि राजा ‘हा वहीतला सगळ्यात जुना नियम आहे’ म्हणतो तेव्हा: मग तो पहिल्या क्रमांकावर हवा होता. वस्तुस्थिती, अधिकार आणि समोरच्याच्याच विधानातली विसंगती, तीन वाक्यांत. राजा पांढराफटक पडतो आणि वही मिटतो. मी वर्गात हा संवाद मोठ्याने वाचून घेते, कारण चांगला उलटतपास असाच असतो: आवाज चढवायचा नाही, समोरच्याचं वाक्य त्याच्याच पुढे ठेवायचं.

यानंतर सापडलेला कागद. या खटल्याचा गाभा हाच. कागद कुणाला उद्देशून आहे, बाहेर काही लिहिलेलं नाही. अक्षर आरोपीचं आहे का? नाही. राजा म्हणतो, मग त्याने दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल केली असणार. अक्षर जुळलं असतं तर पुरावा, जुळलं नाही तर त्याहून मोठा पुरावा. गंमत म्हणजे फौजदारी खटल्यात वादग्रस्त अक्षर अस्सल अक्षराशी ताडून पाहण्याची मुभा देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८६५ सालीच झाला, पुस्तक छापलं गेलं त्याच वर्षी. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात ती सोय आली.

इथे गुलाम पहिल्यांदा नीट बोलतो: हे मी लिहिलेलं नाही, आणि तसं त्यांना सिद्धही करता येणार नाही, शेवटी सही कुठे आहे? राजा झडप घालतो: सही केली नाहीस म्हणजे तुझ्या मनात काळंबेरं होतं. राणी म्हणते, गुन्हा शाबीत झाला. पण सरकारी वकील म्हणून मी तिथे असते तर वेगळं विचारलं असतं. कागदावरचं अजून कुणी वाचून दाखवलेलंही नाही. आत सही नाही हे तुला कसं कळलं? अभ्यासकांनीही या वाक्यावर बोट ठेवलं आहे. गुलामाविरुद्ध अख्ख्या खटल्यात काही गवसलं असेल तर एवढंच, आणि ते राजाच्या हातून निसटतं. आणि तरीही, धरून चालू की कविता त्यानेच लिहिली. पुढे काय? कवितेत टार्टचं नाव नाही. कागद कुणाचा आणि त्या कागदाने काय सिद्ध होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं मिळालंच, अशी चूक शिकलेली माणसंही करतात. ॲलिस नेमकं तेच म्हणते: याने काहीच सिद्ध होत नाही, ओळी कशाबद्दल आहेत ते तरी तुम्हाला कुठे माहीत आहे?

कवितेत फक्त सर्वनामं आहेत. मी, तू, ती, तो, ते. कोण कोण ते कुठेच नाही. या कवितेचं मूळ रूप कॅरलने १८५५ मध्येच एका विनोदी नियतकालिकात छापलं होतं, टार्टच्या खटल्याच्या दहा वर्षं आधी. म्हणजे हा पुरावा खरोखरच दुसऱ्या कुठल्यातरी कागदाच्या ढिगातून उचलून आणलेला आहे. राजा मात्र कागद मांडीवर पसरून एका डोळ्याने बघतो आणि अर्थ काढू लागतो. ‘मी तिला एक दिलं, त्यांनी त्याला दोन’, म्हणजे टार्टचं त्याने हेच केलं असणार!

मराठीत ही कविता आणताना एक धोका आहे, तो तुम्ही टाळा. इंग्रजीत ‘दिलं’ला लिंग नाही. मराठीत ‘दिला’, ‘दिली’, ‘दिलं’ यातलं काहीतरी निवडावं लागतं. तुम्ही टार्ट पुल्लिंगी धरून ‘मी तिला एक दिला’ असं लिहिलंत, तर राजाला नसलेला पुरावा तुम्हीच पुरवलात. क्रियापद गाळा: ‘मी तिला एक, त्यांनी त्याला दोन, तुम्ही आम्हाला तीन’. गाळल्यावर ओळ पुन्हा रिकामी होते, आणि ती रिकामीच हवी.

हा मुद्दा मी भाषेच्या हौसेने मांडत नाही. लोकमान्य टिळकांवर १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राजद्रोहाचा खटला चालला. लेख ‘केसरी’तले, मराठी. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. त्यांच्यासमोर होती ती भाषांतरं, आणि टिळकांनी आपल्या प्रदीर्घ भाषणात शब्दाशब्दावर सांगितलं की मूळ मराठीचा अर्थ हा नव्हे. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि मंडालेला गेले. त्याआधीच्या १८९७ च्या खटल्यात तर न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाच्या कलमातली ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्युरीला समजावला होता. कागदात नसलेलं कागदातून वाचणं हे फक्त पत्त्यांच्या राज्यात होत नाही, म्हणून या प्रवेशातली कविता घाईने उरकू नका.

याच कवितेत पुढे ओळ येते की ते सगळे त्याच्याकडून तुझ्याकडे परत आले. ॲलिस ती दाखवते. राजा विजयाने टेबलाकडे बोट करतो: हे काय, इथेच आहेत की! हो, इथेच आहेत. खटल्याच्या पहिल्या क्षणापासून टार्टचं ताट कोर्टाच्या मधोमध आहे, इतके छान दिसणारे की ॲलिसला भूक लागते. ते कुणाकडून जप्त केले, पंचनामा कुठे, मुळात किती होते, एकही कमी आहे का? गुलामाच्या हातात ते कुणी पाहिले? टेबलावर कुणी आणून ठेवले? कुणीही मोजत नाही. माझ्या हाती हा खटला आला असता तर मी इथूनच सुरुवात केली असती, आणि बहुधा इथेच संपवला असता.

‘आधी शिक्षा, मग निकाल’बद्दल मुलांना एवढं सांगा: आपल्या कायद्यात हे दोन टप्पे मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. आधी दोषी की निर्दोष हे ठरतं. दोषी ठरल्यावर आरोपीला शिक्षेबाबत स्वतंत्र बोलू दिलं जातं: घरी कोण आहे, वय काय, पूर्वी काही गुन्हा होता का. १९७३ च्या संहितेत कलम २३५ मध्ये हे होतं आणि नव्या संहितेतही आहे. निकाल ऐकून पाय गळालेला माणूस त्या दहा मिनिटांत काय बोलतो, ते ऐकायला मन घट्ट करावं लागतं.

नाटकाबद्दल एक विनंती. राजाला विदूषक करू नका. तो मुकुटाखाली विग घालून अवघडून बसला आहे, नियम माहीत नाहीत, बायकोला घाबरतो, आणि क्रोके या खेळाच्या मैदानावर तिने शिक्षा दिलेल्यांना त्याने हलक्या आवाजात माफ करून टाकलं होतं. आपण चुकतोय हे त्याला कळतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा ज्युरीकडे ढकलतो. ससाही खलनायक नाही. त्याला कार्यपद्धती पाठ आहे आणि ती कशासाठी आहे ते माहीत नाही. प्रत्येक मुलाने आपलं काम अगदी गंभीरपणे, खऱ्या कोर्टातल्यासारखं करावं. हसू आपोआप येईल. आणि गुलामाचं काम तुमच्याकडच्या सगळ्यात चांगल्या नटाला द्या. त्याला जेमतेम दोन-तीन वाक्यं आहेत, पण डोकं त्याचं जाणार आहे आणि सगळा वेळ तो तिथेच उभा आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. गुलाम सुटला नाही आणि त्याला शिक्षाही झाली नाही. ॲलिस ‘तुम्ही तर नुसते पत्ते!’ म्हणते, सगळी पानं उधळतात आणि ती बहिणीच्या मांडीवर जागी होते. तोवर ज्युरीने निकाल दिलेलाच नाही. निकाल नाही, म्हणजे दोषसिद्धी नाही. त्याने टार्ट चोरले का, हे त्या गाण्याखेरीज कुठेही आलेलं नाही, आणि गाणं म्हणजे फक्त आरोप आहे. तुमच्या मुलांनी विचारलं तर सांगा, कायद्याच्या नजरेत बदामचा गुलाम आजही निर्दोष आहे.